लाल कंधारीच्या मुलखात

माळेगावला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नात्यात सगळ्यांना नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. मी गेले होते ते नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं माळेगाव. लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडला जाताना वाटेतच लागतं. एरवी गाव शांत असतं. पण मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास इथे खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेसोबत जनावरांचा बाजार. घोडे, उंट, गाढवं, गाई, बैल. दूरदूरचे व्यापारी येतात, आणि त्यांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी जनावरांचे व्यापारी, कोणी झुली-घुंगरं विकणारे, कोणी नालबंद.

आमचे मामू नालबंद. माझं आजोळ कंधारचं. नाना नालबंद होते, त्यांचे अब्बाही. मामूंनी आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्यानंतर घरात हातोडी धरणारं कोणी नाही. एक मामेभाऊ मोबाइल दुरुस्ती करतो, दुसरा हैदराबादला आहे. या वर्षी मामूंचा फोन आला, "पोराला घेऊन ये. लाल कंधारी बघायची असेल तर आत्ता बघून घ्या." मुलगा नववीत. त्याला गाय म्हणजे काळीपांढरी, पिशवीवर छापलेली, एवढंच माहीत. म्हणून गेलो.

बाजारात बाईमाणूस कमी. सुरुवातीला अवघड वाटलं. पण मामूंसोबत असल्यावर कोणी वळून पाहत नव्हतं. उलट दर दहा पावलांवर "चाचा, चहा घेऊन जावा" असं ऐकू येत होतं. त्या दिवशी किती चहा झाले ते मोजले नाहीत.

माळावर दावणी लागल्या होत्या. एकीकडे देवणी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके किंवा नुसतं काळं तोंड. देवणी लातूर जिल्ह्यातली, तिचं रूप लांबूनच कळतं. आणि दुसरीकडे लाल कंधारी. पूर्ण दावण एका रंगाची. तांबडा म्हणावा तर त्याहून गडद, वीटभट्टीतून नुकत्याच निघालेल्या विटेसारखा. वळूंमध्ये हा रंग वशिंडावर आणि मांड्यांवर काळपट होत जातो. डोळ्यांभोवती काळी कड, सुरमा घातल्यासारखी. नाकपुडी काळी, शेपटीचा गोंडा काळा, खूर काळे. कपाळ रुंद आणि थोडं पुढे आलेलं, कान लांब आणि खाली झुकलेले. अंगाने फार मोठी नाही, पण ठाशीव. मुलाने विचारलं, "हिला रंग दिलाय का?" शेजारचा दावणवाला हसून म्हणाला, "बाळा, हा देवाघरचा रंग हाय. धुतला तरी जात न्हाई."

सौदा कसा होतो तेही मुलाने इथेच पाहिलं. आधी दात. दुधाचेच दात असतील तर अदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. जनावराचं वय त्याच्या तोंडात लिहिलेलं असतं, मालकाच्या तोंडून ऐकायची गरज नाही. मग दोघांच्या हातांवर एक रुमाल पडतो आणि रुमालाखाली बोटं बोलू लागतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. मुलगा म्हणाला, हे तर पासवर्डसारखं झालं. मामूंना पासवर्ड काय ते समजावता समजावता आम्ही प्रदर्शनाच्या मांडवाकडे आलो.

यात्रेत जिल्हा परिषदेकडून पशुप्रदर्शन होतं. लाल कंधारी त्यात मानाने उभी असते. वळूला तेल चोपडलेलं, शिंगांना रंग, कपाळावर गोंडे. फोटो निघतात. मामू मात्र मांडवात फार थांबले नाहीत. बाहेरच्या बाजाराकडे हात करून म्हणाले, "आत बघून खूश व्हायचं. खरं काय ते बाहेर कळतं. बाहेर बैलजोड्या किती उभ्या आहेत ते मोज."

मोजायला त्यांचे एक जुने स्नेही भेटले, बैलांचे व्यापारी. वीसबावीस वर्षांपूर्वी याच माळावर त्यांच्या एकट्याच्या दावणीला जितकी जनावरं असत, तितकी आता चार व्यापाऱ्यांची मिळूनही नव्हती. कारणं त्यांनी बोटांवर सांगितली, या वेळी रुमालाशिवाय. पहिलं ट्रॅक्टर. दुसरं कडबा. तिसरं सांगताना ते जरा थांबले.

आपल्या घरांत या तिसऱ्या कारणावर बोलताना आवाज एकतर चढतो किंवा एकदम खाली येतो. मी इथे फक्त बाजाराचा हिशेब सांगते. राज्यात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा. त्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईसोबत बैल आणि वळूही त्यात आले. त्याआधी शेतकऱ्याचं गणित असं होतं: बैल काही वर्षं राबवायचा, तो उतरायला लागला की विकायचा, आलेल्या पैशांत भर घालून नवी जोडी आणायची. उतरलेला बैल घेणारा बाजारात असे. तो कोण असे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोलत नसे. आता तो घेणारा नाही. म्हातारा बैल मरेपर्यंत दावणीला ठेवायचा, त्याला चारा घालायचा, किंवा रात्री रानात सोडून द्यायचा. ज्याच्याकडे चार एकर आहे तो पहिलं करू शकत नाही आणि दुसरं करायला त्याचं मन धजत नाही. मग तो बैलच घेत नाही. ट्रॅक्टर भाड्याने सांगतो. "आणि आम्ही," ते स्नेही म्हणाले, "सगळे कागद खिशात असले तरी रात्रीच्या रस्त्याला गाडीत जनावर घालायला घाबरतो. माझ्या मुलाने सरळ सांगितलं, अब्बा, शेळ्यांचा धंदा करू."

कायदा गोवंश राखण्यासाठी केलेला. त्याच्या हेतूवर मी बोलत नाही. पण ज्या गाईचा मुलगा विकत घ्यायला कोणी नाही, ती गाय कोण पाळणार, हा प्रश्न त्या माळावर उभ्या असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला पडलेला होता, आणि त्यात हिंदू-मुसलमान असा फरक नव्हता.

दुपारी लोह्यावरून कंधारला आलो. कंधार आणि अफगाणिस्तानातलं कंदाहार यांत गोंधळ होतो. इतिहासाच्या पुस्तकांत तर फारच, कारण मुघलांनी दोन्हीकडे लढाया केल्या. आपलं कंधार मन्याड नदीकाठचं. भुईकोट किल्ला आहे, भोवती खंदक. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं हे गाव. पुढे बहमनी, निजामशाही, मुघल आणि शेवटी हैदराबादचे निजाम, असे धनी बदलत गेले. राष्ट्रकूटांच्या वेळचा जगत्तुंग तलाव अजून आहे. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गाही इथलाच. नानी आम्हाला लहानपणी उरुसाला न्यायची तेव्हा दर्ग्याच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग असे आणि नाना त्या रांगेतच कोणाच्या तरी बैलाचा खूर उचलून बघत असत. नानी चिडायची.

सरकारी माहितीपत्रकांत लाल कंधारीचं मूळ चौथ्या शतकातल्या सोमदेवराय राजापर्यंत नेलेलं आढळतं. त्याने ही जात जोपासली म्हणतात. असेलही. मला एवढंच दिसतं की राजे गेले, किल्ला पडला, आणि गाय राहिली. ती कंधार, मुखेड, लोहा, बिलोली, अहमदपूर, परळीकडच्या आणि हिंगोली-परभणीच्या काही भागांतल्या शेतकऱ्यांनी राखली म्हणून. त्यांना दुधाची आस नव्हती. एका वेतात साधारण ६०० लिटर, म्हणजे संकरित गाईच्या तुलनेत काहीच नाही. त्यांना बैल हवा होता. इथली काळी जमीन पावसात चिखल होऊन पाय धरते आणि उन्हाळ्यात दगड होते. तीत नांगर ओढणारा, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात न धापणारा, कडब्यावर भागवणारा बैल म्हणजे लाल कंधारी. होल्स्टीन किंवा जर्सीच्या संकराने दूध वाढतं, पण गोऱ्हा झाला तर त्याला धड वशिंड नसतं, जू मानेवर नीट बसत नाही, आणि ऊन सोसत नाही.

संध्याकाळी मामूंनी त्यांची पेटी उघडून मुलाला दाखवली. हातोडी, पकड, खूर तासायची पटाशी, नाल, खिळे, आणि दोरांची गुंडाळी. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखा एक नाल चालत नाही. एका पायाला दोन, एका बैलाला आठ, जोडीला सोळा. बैलाला दोराने आडवं पाडायचं, चारही पाय एकत्र बांधायचे, खूर तासून सपाट करायचा, मग नाल. खिळा जरा आत गेला तर जनावर लंगडतं आणि नालबंदाचं नाव त्या गावातून जातं. मामू प्रत्येक खिळ्याआधी बिस्मिल्लाह म्हणतात. "त्याला दुखतं का?" मुलाने विचारलं. "नख कापताना तुला दुखतं का? पण वेडंवाकडं कापलं तर?" एवढंच उत्तर.

मामूंकडून एक गोष्ट नव्यानेच कळली. मला वाटायचं नालबंदाचा धंदा जुन्या काळात जोरात असणार. तर तसं नाही. मातीच्या वाटांवर बैलाला नाल फारसा लागत नसे. डांबरी रस्ते झाले, गाड्या बाजारापर्यंत आणि साखर कारखान्यांपर्यंत जाऊ लागल्या, तेव्हा नानांच्या हाताला खरं काम आलं. हंगामात ते ऊसतोडीच्या गाड्यांमागे कारखान्यावर जाऊन राहत. आणि त्याच डांबरी रस्त्यावरून पुढे ट्रॅक्टर आला.

पेटीत वही नाही, पण मामूंच्या डोक्यात आहे. कोणत्या गावात कोणाच्या गाईचा गोऱ्हा कोणाकडे गेला, कोणत्या वळूची वासरं खुराला पक्की, कोणत्या घराण्याची जनावरं मारकी, सगळं. पन्नास वर्षं गावोगाव फिरलेला माणूस. आता जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी नंबर असलेला. चांगली सोय आहे. मामूही बिल्ला बघतात, मग म्हणतात, "ही तर त्या वाडीच्या वाकड्या शिंगाच्या गाईची नात."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कंधारपासून काही कोसांवरच्या एका खेड्यात गेलो. मामूंना तिथून निरोप होता. घर ज्यांचं त्यांना सगळे आबा म्हणतात. दावणीला सहा लाल कंधारी, दोन वासरं आणि एका बाजूला, वेगळा बांधलेला, अडीच वर्षांचा गोऱ्हा. नुकताच दोन दाती झालेला. मी जनावरांतली जाणकार नाही, पण त्याला बघून मलाही थांबावंसं वाटलं. मानेची पोळी लोंबती, पाठ सरळ, रंग इतका गडद की सावलीत काळा वाटावा.

निरोप त्याच्यासाठीच होता. व्यापारी येऊन गेला होता. खच्ची करून बैल केला तर चांगले पैसे मिळणार होते, कारण जोडीला तसाच दुसरा शेजारच्या गावात होता. आबांचा मुलगा विकायच्या बाजूने. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. वळू ठेवायचा तर तो औत ओढत नाही, दूध देत नाही, नुसता खातो. आणि खायला आहे काय? आबांच्या रानात पूर्वी ज्वारी असे, ज्वारीसोबत कडबा आपसूक मिळे. आता सोयाबीन. सोयाबीन पैसे देतं, पण त्याच्या भुसकटावर बैल उभा राहत नाही. कडबा विकत घ्यावा लागतो आणि पेंढी दरसाल महागते. मला वाटतं ट्रॅक्टरपेक्षाही या सोयाबीनने लाल कंधारीला जास्त मागे ढकललं, फक्त ते ट्रॅक्टरसारखं आवाज करत नाही.

"पण विकला तर गाई कुणाला दाखवायच्या?" आबांचा प्रश्न. आसपासच्या चार-पाच वाड्यांत लाल कंधारीचा वळू हा एकच उरला होता. गोठवलेल्या रेतनाची सोय आहे. नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेलं रेतन वर्षानुवर्षं टिकतं, आणि लाल कंधारीचंही मिळतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात या जातीचा कळप आहे. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने जात म्हणून तिची नोंद केलेली आहे. हे सगळं चांगलं आहे आणि हवंच. पण रेतन मागणारा हवा, गाय माजावर आल्याचं वेळेत ओळखणारा हवा, डॉक्टर त्या दिवशी पोहोचायला हवा. चरायला सोडलेली गाय एवढं थांबत नाही. जो वळू समोर येईल त्याचं वासरू होतं, आणि दोन पिढ्यांत लाल रंगावर पांढरे ठिपके यायला लागतात.

बोलणं चालू असताना असरची वेळ झाली. मावशींनी आपणहून पाण्याचा तांब्या आणि धुतलेलं पोतं आणून दिलं. मामूंनी लिंबाखाली नमाज अदा केली. आबा आणि त्यांचा मुलगा तोवर गप्प बसले. एवढ्यात गाई रानातून परतल्या. कोणी हाकत नव्हतं. पुढे एक म्हातारी गाय, मागे बाकीच्या, आणि उन्हाची तिरीप त्यांच्या अंगावर पडून सगळी वाट तांबडी झालेली. सूरह नहलमध्ये जनावरांपासून मिळणाऱ्या उबेचा, अन्नाचा, ओझी वाहण्याचा उल्लेख आहे, आणि त्यातच त्यांच्या शोभेचाही, सकाळी चरायला नेतानाच्या आणि संध्याकाळी घरी आणतानाच्या. मी ते कित्येकदा वाचलं होतं. शोभा हा शब्द तिथे का आहे ते त्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं. गाई एकेक करून आपापल्या खुंट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या मुलाने मोबाइल काढला आणि फोटो न घेताच परत खिशात ठेवला.

नमाजनंतर मामूंनी हिशेब मांडला. हिशेब म्हणजे त्यांच्या डोक्यातली वही. कोणत्या वाडीत किती लाल गाई उरल्या आहेत ते त्यांनी घरांच्या नावानिशी सांगितलं. एकूण चाळीसच्या आत भरल्या. "प्रत्येकाने गाय आणली की पैसे देऊ नये, कडबा द्यावा. दहा पेंढ्या. ज्याच्याकडे कडबा नाही त्याने पेंडीचं पोतं." आबांचा मुलगा म्हणाला, आज देतील, उद्या विसरतील. मामू म्हणाले, "मी फिरतो ना अजून. मी आठवण करीन." मुलगा हसला. मामूंच्या वयाकडे बघून हसला असावा, पण नाही म्हणाला नाही. मग त्याने नेमका प्रश्न विचारला: तीन वर्षांनी याच्याच कालवडी माजावर येतील, तेव्हा? बापाला लेक दाखवायची का? मामूंकडे तेही तयार होतं. मुखेडकडे एका गावात आणखी एक गोऱ्हा आहे, वर्षाचा, वेगळ्या घराण्याचा. तीन वर्षांनी अदलाबदल करायची. तोवर त्यालाही खच्ची होऊ द्यायचं नाही, तिकडे जाऊन सांगायला हवं. मामूंनी माझ्याकडे बघितलं. गाडी माझी होती. परतीची वाट मुखेडवरून करायचं ठरलं.

आबांनी व्यापाऱ्याला फोन लावला आणि या वर्षी राहू द्या म्हणून सांगितलं. या वर्षी, एवढंच. पुढच्या वर्षी पाऊस कसा होतो आणि कडब्याचा भाव काय निघतो, त्यावर आहे.

उठायच्या आधी मामूंनी पेटी उघडली. गोऱ्ह्याला आबांनी आणि मुलाने मिळून पाडलं. तो एकदा जोरात फुरफुरला, मग निमूट पडून राहिला. माझ्या मुलाला मामूंनी डोक्याशी बसवलं आणि कानामागे हात फिरवायला सांगितला. खूर वाढले होते. मामूंनी चारही पाय सावकाश तासले, प्रत्येक खुराच्या फटीत बोट घालून खडा अडकलाय का ते पाहिलं. मुलाने आपणहून पेटीतले नाल मोजून आठ बाजूला काढले आणि पुढे केले.

मामूंनी ते त्याच्या हातातून घेऊन परत पेटीत टाकले. "याला कशाला?" ते म्हणाले. "याला डांबरीवर जायचंच नाही."